दार पूर्व

तिसरीच्या मुलांना दिशा शिकवणं पुस्तकात फार सोपं आहे. मुलांना मैदानावर न्यायचं, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं करायचं आणि हात पसरायला लावायचे. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. पुस्तक लिहिणाऱ्यांची शाळा बहुधा सकाळची असावी. आमचा वर्ग दुपारच्या सत्रातला. साडेबाराला भरतो तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, आणि मैदान म्हणाल तर शाळेपुढे फरशीचा एक पट्टा आहे, त्यात अर्ध्या जागेत आमच्याच स्कूटर उभ्या. वर्गात बेचाळीस मुलांनी हात पसरले की पहिल्याच मिनिटाला कुणाच्या तरी डोळ्यात बोट जातं.

म्हणून मी माझी रीत काढली होती. वर्गाच्या भिंतीच दिशा म्हणून पाठ करून घ्यायच्या. फळा उत्तर, दार पूर्व, पाठ दक्षिण, खिडकी पश्चिम. पाठ म्हणजे मुलांच्या पाठीमागची भिंत. हे सुरात म्हणून घेतलं की आठवड्यात सगळ्यांना येतं. परीक्षेत त्यावर एक प्रश्न घालायचा, सगळ्यांना गुण मिळतात, पालक खूश, मोठ्या बाई खूश. सव्वीस वर्षं नोकरी झाल्यावर माणूस अशा रीतींवरच जगतो.

दोन वर्षांपूर्वी जुनी इमारत पाडायला घेतली आणि आम्हाला बिबवेवाडीतच दोन गल्ल्या सोडून नव्या इमारतीत हलवलं. नवा वर्ग हुबेहूब जुन्यासारखा. समोर फळा, उजव्या हाताला दार, डावीकडे खिडक्या. मी कपाट लावलं, जिल्ह्याचा नकाशा टांगला आणि दुसऱ्या दिवसापासून तोच सूर लावला. इमारत कुठे तोंड करून उभी आहे, हे पाहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या वर्षी मतदारयादीचं काम होतं, ऑनलाइन माहिती भरायची होती, गुडघा दुखत होता. सदाशिव पेठेतून स्कूटरवर शाळेत पोचेपर्यंतच माझा निम्मा जीव संपलेला असे. हिवाळ्यात चार वाजता पूर्वेच्या दारातून माझ्या टेबलावर ऊन यायचं. मी भूगोल शिकवणारी बाई, मी टेबल सरकवून घेत होते.

यंदा जूनमध्ये वर्गात एक मुलगी आली, यवतमाळकडची. वडील बांधकामावर वॉचमन, तिथेच पत्र्याच्या खोलीत राहतात. बारीक चणीची, पहिल्या बाकावर बसणारी, आणि प्रश्न विचारण्याची वाईट खोड असलेली. घटक चाचणीत मी नेहमीचा प्रश्न घातला होता: वर्गाचे दार कोणत्या दिशेला आहे? एकेचाळीस मुलांनी पूर्व लिहिलं. हिनं लिहिलं, दक्षिण. मी लाल पेनानं फुली मारली.

पेपर वाटले तशी ती टेबलापाशी आली.

"बाई, हे बरोबर हाय न."

"काय बरोबर आहे?"

"दार दक्षिणच हाय. सूर्य तर फळ्याच्या मागून निघते. मी रोज पायते, आमच्या बिल्डिंगवरून शाळा दिसते."

ती सकाळी कपडे वाळत घालायला अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर जायची. तिथून तिनं उगवतीचा सूर्य पाहिला, खाली शाळा पाहिली आणि दोन्हींचा मेळ घातला होता. आठ वर्षांच्या पोरीनं आपलं आपण केलेला तो भूगोल होता. अख्ख्या नोकरीत असं मूल माझ्यापुढे क्वचितच आलं असेल. हे सगळं मला आज कळतं. तेव्हा तास संपायला पाच मिनिटं होती, मागच्या बाकावर मारामारी चालली होती आणि ऑफिसातून यादीसाठी दुसऱ्यांदा बोलावणं आलं होतं.

मी म्हणाले, "हो का? मग उद्यापासून सूर्याला सांगते, आधी तुला विचारून उगवत जा."

वर्ग खो खो हसला. पुण्याच्या माणसाला असं बोलायला कष्ट पडत नाहीत, जिभेवर तयारच असतं. ती हसली नाही. पेपराची घडी घालून जागेवर जाऊन बसली. त्यानंतर महिनाभर तिनं काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरंच वाटलं.

सहामाहीत तोच प्रश्न होता. तिनं लिहिलं, पूर्व. मी बरोबरची खूण केली आणि शेजारी "छान" लिहिलं.

दिवाळीनंतर एकदा सकाळच्या सत्रातल्या बाई आजारी पडल्या. मोठ्या बाईंनी मला फोन केला, "आजचा दिवस तेवढा सकाळीही बघा ना." नाही म्हणायलाही ताकद लागते. मी साडेसातला त्याच वर्गात जाऊन उभी राहिले. मुलं बसली आणि एक जण म्हणाला, "बाई, पुठ्ठा लावू का?"

"कसला पुठ्ठा?"

तो कपाटामागून खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घेऊन आला. "डोळ्यात ऊन येतं म्हणून आमच्या बाई रोज लावतात."

मी वळून पाहिलं. फळ्याच्या वर सिमेंटची जाळी आहे आणि त्या जाळीतून सूर्य थेट वर्गात शिरत होता. मुलं डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. फळा पूर्वेला होता. दार दक्षिणेला होतं. दोन वर्षं मी ऐंशीच्या वर मुलांकडून हातवारे करून, सुरात, चुकीचं जग पाठ करून घेतलं होतं. मी पुठ्ठा लावू दिला आणि खुर्चीवर बसले. मला माझी भयंकर लाज वाटली. ती मुलगी टेबलापाशी उभी राहिली होती तेव्हा मान वळवून एकदा सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघायला किती वेळ लागला असता?

दुपारी माझा वर्ग भरला तेव्हा मी आधी तिलाच उभं केलं.

"सांग, दार कोणत्या दिशेला?"

"पूर्व, बाई."

"तू पहिल्यांदा काय लिहिलं होतंस?"

ती घाबरली. "ते चुकलं होतं, बाई. मंग मी पाठ केलं."

मी मुलांना सांगितलं, चूक हिची नव्हती, माझी होती. दार दक्षिणेला आहे, हिचंच बरोबर होतं आणि मी तिला उगाच हसले. मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. एकानं फक्त विचारलं, "परीक्षेत नवीनच लिहायचं ना?" आणि मग सगळ्यांनी फळा पूर्व, दार दक्षिण, असा नवा सूर लावला, जुन्याइतक्याच जोरात. तीही म्हणत होती.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. माझी अशी कल्पना होती की आता सगळं दुरुस्त करता येईल.

"तू अजून कपडे वाळत घालायला वर जातेस ना?"

"हो."

"मग उद्या सकाळी सूर्य नीट बघ आणि कुठून उगवला ते मला येऊन सांग. तू सांगशील तेच मी फळ्यावर लिहीन."

तिनं दप्तराचा पट्टा धरून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सांगीन न, बाई," ती म्हणाली. "पण कुठून निघाला म्हणून सांगू?"