बंपरवाला देवमन

देवमनच्या हाताला दोन कामं येतात : बंपर जोडणं आणि माणूस मोडणं. पहिल्या कामाची पाटी त्यानं दुकानावर लावली आहे. दुसऱ्याला पाटीची गरज पडली नाही, ते कामरगावात सगळ्यांना माहीत आहे. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्याच्या टिनाच्या शेडला लागून, त्यामुळे मी दोन्ही कामं जवळून पाहिली.

बंपरशी तो ज्या नरमाईनं वागतो, त्याच्या निम्म्यानं माणसांशी वागला असता तर आज सरपंच असता. गाडीच्या नाकाखाली, जमिनीलगत, काळ्या खरबरीत प्लास्टिकची पट्टी असते. ती घासली की तिच्यावर पांढरे ओरखडे उठतात आणि प्लास्टिकचे केस निघतात. देवमन आधी ती साबणाच्या पाण्यानं धुतो, ब्लेडनं केस कापतो, ओल्या पॉलिश पेपरनं घासतो आणि मग गरम हवेची गन तिच्यावरून फिरवत राहतो. गन फिरती राहिली तर प्लास्टिकला घाम फुटतो आणि काळा रंग आपोआप वर येतो. एका जागी थांबली की पट्टी भाजलेल्या पापडासारखी मुडपते. म्हणून हातात गन असताना देवमन कोणाकडे पाहत नाही, गिऱ्हाइकाकडेही नाही.

माणसांचं म्हणाल तर ती सवाऱ्या वाहणारी काळीपिवळी जीप घ्या. शाळेपुढं तिनं देवमनच्या वैष्णवीला उडवलं, पोरीची मांडी मोडली. देवमननं पोरीला समोरच्या सोजरबाईच्या मांडीवर ठेवलं आणि ड्रायव्हरला खिडकीतून बाहेर ओढलं. दार उघडायचं त्याला सुचलं नाही. ड्रायव्हरचा जबडा तुटला. पुढं अमरावतीला पोरगी वरच्या मजल्यावर आणि ड्रायव्हर खालच्या, असे दोघं एकाच दवाखान्यात होते. देवमनची बायको साधना दोघांसाठी पेज घेऊन जायची. ड्रायव्हरला चावता येत नव्हतं ना.

वैष्णवी आता चालते, पण एक पाय ओढून. रस्ता पार करायला तिला इतर पोरांपेक्षा उशीर लागतो.

सोजरबाई म्हातारी, पण गल्लीतल्या बायकांत तिचाच शब्द चालतो. ती म्हणाली, "हा असे किती जबडे फोडीन? त्यापक्षा गाड्याच हळू करा वं बाया." मग घरटी एक टोपलं मुरूम पडला आणि शाळेपुढं ब्रेकर झाला. सरकारी माणसं येऊन सपाट करून गेली. बायकांनी पुन्हा केला, वरून सिमेंट चोपडलं. तेव्हापासून दर पावसाळा सरला की घरटी एक टोपलं पडतंच. ब्रेकरला गरज असो नसो, आपल्या घरचं टोपलं राहिलं असं कोणी म्हणू नये. त्यामुळे आमचा ब्रेकर पोरासारखा दरवर्षी वाढतो. देवमननं त्यावर आपल्या डब्यातल्या उरलेल्या रंगाचे पिवळे पट्टे ओढून दिले, लांबून दिसावा म्हणून.

आणि अशा गावात जगदेव पाटलाच्या ऋषिकेशनं पुण्याहून जुनी बुटकी कार आणली. ती कमी बुटकी वाटली म्हणून स्प्रिंगा कापून आणखी बसवली. ती गाडी चालत नाही, सरपटते, आणि ब्रेकरवर दर खेपेला तिची पट्टी घासते.

परवा तो पुन्हा आला. संगं त्याचा दोस्त हरीओम.

"देवमन, फाटली पाह्य पट्टी."

"गाडी वर उचला ना ऋषीभाऊ. पोटावर कायले चालवता?"

"खालीच शोभते ते."

"मंग शोभू द्या. मले रोजचं काम हाय."

हे बोलणं देवमनला भोवलं. तो बंपर उतरवून गन फिरवत बसला आणि हरीओम इकडेतिकडे फिरत रंगाच्या डब्यापाशी थांबला.

"ऋषी, ह्या डब्यातला पिवळा पाह्य. अन् ब्रेकरवरचा पाह्य."

ऋषिकेशनं दोन्ही पाहिले. मग तो देवमनपुढं येऊन उभा राहिला. "म्हंजे ब्रेकर तूच वाढवतं, अन् पट्टी बी तूच जोडतं. लय भारी धंदा हाय लेका."

"रंग माहा हाय. ब्रेकर गावाचा हाय."

ऋषिकेशनं त्याच्या थोबाडीत मारली. माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक आपला मोबाईल उचलून निघून गेलं. मी म्हटलं, आता ऋषिकेश संपला. पण देवमनची गन फिरतच होती.

"पट्टी तापली हाय, हात सोडता येत नाई," तो खाली मान घालून म्हणाला. "मंग या."

ऋषिकेशनं आणखी एक लगावली. देवमनच्या नाकातून रक्त आलं, ते त्यानं खांद्याला पुसलं, गन थांबवली नाही. एवढ्यावर ऋषिकेश घरी गेला असता तर हे लिहायला मला काही उरलं नसतं. पण त्यानं देवमनचीच सब्बल, हातभर लांब लोखंडी पहार, उचलली आणि ब्रेकरकडं निघाला. शाळा सुटायची वेळ झाली होती.

पहिल्या घावात सिमेंटचा खापा उडाला. तो आवाज ऐकला आणि देवमननं गन चालूच बाकावर टाकली, बंपरच्या उशाला, आणि धावला.

तो पोचला तेव्हा सब्बल वर गेलेली होती. ती ब्रेकरवर पडायची ती देवमनच्या डाव्या मनगटावर पडली. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. देवमननं उजव्या हातानं ऋषिकेशचे केस धरले, पायात पाय घालून पाडला आणि त्याचा गाल ब्रेकरवर धरून घासला. एकदा इकडून, एकदा तिकडून, पॉलिश पेपर फिरवावा तसा, फक्त हलका हात नव्हता. पिवळ्या पट्ट्यावर तांबडा पट्टा उमटला. हरीओम देवमनच्या बरगड्यांत लाथा घालत होता. मी त्याची कंबर धरली, तर त्यानं कोपर मारून माझं नाक सुजवलं. मी सोडला नाही, यात शौर्य नव्हतं, माझा हात त्याच्या पट्ट्यात अडकला होता.

"मारून टाकतो तुले," देवमन म्हणत होता. ओरडून नाही, हळू. तेच भयानक होतं.

सोजरबाई हातात बांबू घेऊन आली आणि तिनं तो देवमनच्याच पाठीवर घातला. "सोड त्याले. पोरगी पाहून राह्यली."

शाळेच्या फाटकात वैष्णवी उभी होती. देवमननं केस सोडले. मूठभर त्याच्या हातातच राहिले.

शेडमध्ये बंपर मुडपून मेणासारखा वितळला होता.

संध्याकाळी जगदेव पाटील पोराला घेऊन आले. पोराच्या गालाला पट्टी, देवमनच्या हाताला प्लास्टर.

"शेड माह्या जागेत हाय," पाटील म्हणाले. "शेड ठिवाचं असन तर ब्रेकर काढ. नाई तर शेड उचल. दोन्ही नाई चालत."

"शेड उचलतो."

"इचार कर. दुसरी जागा नाई तुले."

"केला. पन पाटील, ब्रेकरले पुन्हा हात लागला तं मी मनगट पुढं करनार नाई. सब्बलच घेईन."

पाटील काही बोलणार, तोच सोजरबाई म्हणाली, "जगदेव, तुह्या घरचंबी टोपलं हाय त्याच्यात. तुही बायको दरसाल टाकते. कोन्तं व्हय, दाखव, तेवढं आमी काढून देतो."

पाटलांनी ब्रेकरकडं पाहिलं, मग पोराकडं. "घरी चाल," ते ऋषिकेशला म्हणाले. ब्रेकरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, पण शेडचा शब्द मागं घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही टिनं उतरवून सोजरबाईच्या आंगणात नेली. ऋषिकेशची गाडी बंपरवाचून तिथंच उभी राहिली, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी.

त्याच दुपारी बायका खापा उडालेली जागा भरायला आल्या. घरटी एक टोपलं. पाटलीणबाईंचंही आलं, गड्याच्या डोक्यावर. देवमन गळ्यात हात अडकवून उभा होता.

"यंदा बोटभर कमी ठिवा वं," तो म्हणाला.

"कायले?" सोजरबाईनं विचारलं.

"सध्या एकच हात हाय. एका टायमाले एकच माणूस मोडनं होते माह्याच्यानं."

सोजरबाईनं आपलं काठोकाठ भरलेलं टोपलं ब्रेकरवर रिकामं केलं आणि मुरूम पायानं दाबला.