सलूनवाल्याचा सात

मास्तरांनी माणूस न पाहता आकडा पाहून जर्सी बेतली, आणि तीही सख्ख्या भाच्याची.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. गावच्या फुटबॉल क्लबाच्या जर्स्या वर्षानुवर्षं त्यांच्याच मशीनवरून उतरत. जुन्या लीगमध्ये नंबर जागेचा असे, माणसाचा नव्हे. एक नंबर गोलकीपर, म्हणजे ऐसपैस; सात नंबर कडेनं पळणारा, म्हणजे काटकुळा. माणसं बदलत, मापं नाही. यंदा देशभरातली लीग मोडून नव्यानं तीन पायऱ्यांत मांडली आणि नियम आला: ज्याचा नंबर, तो हंगामभर त्याचाच. चिठ्ठ्या टाकल्या, भाच्याला सात आला. भाचा बचावपटू, तो शिरला की दाराला अंग चोरावं लागे. पण मास्तरांच्या कात्रीनं ‘सात’ ऐकलं आणि सवयीनं चिमूटभर जर्सी कापली.

भाच्याला पहिल्याच दिवशी कळलं. मात्र हंगामभर बाकावरच बसायचं, वर जाकीट असतंच. मामाचं मन कशाला दुखवा, म्हणून तो गप्प राहिला.

आता शेवटची मॅच. बरोबरी झाली तर क्लब मधल्या पायरीवर टिकणार, हरला तर खालच्या पायरीवर घसरणार. आणि खाली गेलो तर बाकावरच्यांना नारळ, हे कोचनं आधीच सांगितलेलं. गोल एकही झालेला नव्हता, आणि मोठा बचावपटू लंगडत बाहेर आला.

“दादा, त्याला बोलावलं!” प्रेक्षकांत शेजारी बसलेल्या बहिणीनं, भाच्याच्या आईनं, मास्तरांचं मनगट आवळलं.

भाच्यानं जाकीट काढायला हात वर केले आणि चर्रर्र आवाज झाला. पाठीवरचा सात मधोमध फाटला.

मास्तर कठडा ओलांडून खाली धावले. क्लबच्या पेटीत एक बिननंबरची जर्सी होती, मोठ्या मापाची. पण रेफरी हलेना. “नंबर नाही, तर खेळाडू नाही.” मैदानात दहा जण धापा टाकत होते. मास्तरांनी कॉलरमधली सुई काढली, खिशातला रुमाल काढला. तो नेमका चौकड्यांचा.

“पांढरं कापड द्या रे कुणीतरी!”

“मास्तर, इकडे बघा.” मागच्या रांगेतून सलूनवाला उतरला. तो जुन्या लीगमधला सात नंबर. पोट सुटलं तरी प्रत्येक मॅचला तीच जर्सी घालून येई. त्यानं पाठ फिरवली आणि खिशातलं ब्लेड मागं धरलं. “तुम्हीच शिवलेला आहे. काढा. पण जपून, आत मी आहे.”

“अहो, पण—”

“उसना देतोय. परत पाहिजे मला.”

मास्तरांनी सात उसवला. दोरा काही केल्या सुईत जाईना. शेवटी मागोमाग उतरलेल्या बहिणीनं तो ओवून दिला. तिकडे चेंडू गोलपोस्टला आपटून परतला, आणि मास्तरांनी सुई स्वतःच्याच बोटात खुपसली.

“मामा, आवर ना!”

“गप उभा राहा, तुझी पाठ काय मैदानाएवढी!”

चार कोपरे टाचले आणि भाचा आत गेला. मास्तरांनी मॅच पाहिलीच नाही. त्यांची नजर त्या आकड्यावर. टाका सुटला तर पोरगं बाहेर! अगदी शेवटी चेंडू गोलात शिरणार, तोच भाच्यानं डोकं घातलं. चेंडू बाहेर गेला, शेवटची शिट्टी वाजली. सात एका कोपऱ्यानं लोंबत होता.

क्लब टिकला, भाचाही टिकला. पुढच्या हंगामाला नंबर तोच.

“मामा, हा सात काढायचा नाही. लाभलाय मला.”

“अरे, उसना आणलाय!”

“काढून तर बघ,” बहीण म्हणाली.

त्या आठवड्यात मास्तर दाढीला बसले. फेस लागला, मान मागं गेली.

“मास्तर, माझा सात?”

“नवा करून देतो की. झकास.”

“नवा नको. तोच.”

“बघतो... जरा भाच्याशी बोलून...”

वस्तरा गळ्यापाशी थांबला.

“बघा सावकाश,” सलूनवाला गोड आवाजात म्हणाला. “दाढी काय, दर आठवड्याला वाढणारच.”

मास्तरांनी आवंढासुद्धा गिळला नाही.