चिकटपट्टीखालचं निळं पोर्ट

गोरेगाव तालुक्यातल्या निम्म्या जोडप्यांना एकमेकांकडे बघून हसायला पहिल्यांदा गोपीचंद कापगते यांनी सांगितलं आहे. "वहिनी, मान जराशी तिकडं. भाऊ, हात खांद्यावर. खांद्यावर म्हणलो, गळ्यावर नाही." अठरा वर्षं ते लग्नांचे व्हिडिओ काढत आहेत आणि त्यातली किती लग्नं टिकली याची चौकशी त्यांनी कधी केलेली नाही. व्हिडिओ मात्र सगळे टिकले आहेत.

टिकवणं हा त्यांचा घराण्याचा गुण. तीनचार पिढ्यांमागे कुण्या कापगत्यानं गावचा तलाव बांधला होता. पाणी अडवायचा तो हातखंडा वारशानं गोपीचंदभाऊंपर्यंत आला, पण तोवर अडवायला नवं पाणी राहिलं नव्हतं. मग ते वस्तू अडवू लागले. चांगली वस्तू हाती आली की ती वापरायची नाही, जपून ठेवायची. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पन्नीत. मोटारसायकलची सीट कारखान्यातून आली त्याच पन्नीत. साळ्यानं दिलेला शर्ट टाचण्यांसकट कपाटात. घरात काचेचा डिनरसेट आहे, पण त्यात जेवण्याच्या लायकीचा पाहुणा अजून जन्माला यायचा आहे. चंद्रकांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदा पोराच्या वाढदिवसाला त्यातली एक बशी काढली, तर गोपीचंदभाऊ केक खाणं सोडून बशीकडेच बघत बसले.

अशा माणसानं चार वर्षांपूर्वी गोंदियाहून लॅपटॉप आणला. दुकानदारानं त्याच्या कडेची दोन निळी तोंडं दाखवून सांगितलं, "भैया, ये नीलेवाले फास्ट हैं. बढ़िया चीज़ है." बढिया चीज म्हटल्यावर तिचं काय करायचं, हे गोपीचंदभाऊंना कुणी शिकवायची गरज नव्हती. घरातच पुढच्या खोलीत स्टुडिओ, त्याच्या मागे राइस मिल आहे, तिच्या कोंड्याची धूळ दिवसभर उडत असते. घरी येताच त्यांनी दोन्ही निळ्या पोर्टांवर पांढरी चिकटपट्टी मारली. राहिलं एक काळं पोर्ट. त्यावर त्यांनी एकाचे चार करणारा तो छोटा डबा, म्हणजे हब लावला आणि त्याला माऊस, प्रिंटर, एक वीतभर पंखा आणि गिऱ्हाइकाची हार्ड डिस्क असा संसार जोडून दिला. एका गाईला चार वासरं लावावी, तसं चाललं होतं. कॉपी व्हायला पाच-पाच तास लागत. पण गोपीचंदभाऊंचा सिद्धांत असा की, जे हळू उतरतं ते पक्कं उतरतं. सिमेंटला नाही का पाणी मारत बसावं लागत. गिऱ्हाइकं चहा पीत बसत आणि सिद्धांत ऐकत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी अकराला नीलेश उईके स्टुडिओत आला. देवरीकडच्या पतिराम उईकेंचा हा मुलगा सुरक्षा दलात आहे, दूर डोंगरात, जिथं मोबाईलला रेंज नाही. त्याची एकुलती बहीण प्रिया, तिचं लग्न एप्रिलात झालं. नीलेशची सुट्टी मंजूर झाली मेमध्ये. म्हणजे वऱ्हाड गेलं, मांडव गेला, उरलेला गुलाबजामसुद्धा गेला आणि मग भाऊ आला. आज सुट्टीचा शेवटचा दिवस. सव्वाचारला गोंदियाहून गाडी, त्यासाठी गोरेगावहून अडीचची एसटी. पाठीवर बोजा, हातात नवीकोरी हार्ड डिस्क. त्याला लग्नाचं सगळं शूटिंग हवं होतं. कच्चं.

कच्चं या शब्दानं गोपीचंदभाऊ जरा दुखावले. त्यांनी एडिट केलेला तीन तासांचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर तयार होता. त्यात नवरी चंद्राच्या आत दिसते, नवरदेव ढगातून उतरतो आणि दर दहा मिनिटांनी गुलाबाच्या पाकळ्या पडतात. कच्च्यात काय आहे? धूळ, गोंगाट आणि मामांची पाठ.

"ते नोको, काका," नीलेश म्हणाला. "तिथं मले वेळच वेळ हाये. जसं झालं तसं पाहीन."

गोपीचंदभाऊंनी डिस्क हबला लावली, दोनशे दहा जीबी कॉपीला टाकले आणि लॅपटॉपनं हिशेब सांगितला, सहा तास बाकी. नीलेशनं घड्याळ बघितलं. हार्ड डिस्क थंडीत चालते आणि उन्हात दमते, असा गोपीचंदभाऊंचा कयास. त्यांनी वीतभर पंखा डिस्ककडे वळवला. पंखाही त्याच हबवर होता. वेळ सहा तास दहा मिनिटं झाली.

मग शेजारच्या मोबाईल दुकानातल्या गुड्डूला बोलावलं. गुड्डू चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, पण चौकात संगणकाचा डॉक्टर तोच. त्यानं उभ्याउभ्या माऊसचं उजवं बटण दाबून रिफ्रेश केलं. परत केलं. सतरा वेळा केलं. प्रत्येक वेळी पडदा किंचित फडफडला आणि गुड्डूनं मान अशी हलवली की, रोग्याची नाडी लागतेय. शेवटी तो म्हणाला, "भैया, इसमें वायरस बैठा है. पूरा फॉरमॅट मारना पड़ेगा." फॉरमॅट मारल्यावर प्रियाचं लग्नही जाईल, हे ध्यानात आल्यावर त्यानं तो सल्ला मागे घेतला आणि चहा घेतला. पाठोपाठ आलेल्या एका गिऱ्हाइकानं लॅपटॉप थोडा तिरपा ठेवून बघायला सांगितलं. ठेवला. काही फरक नाही, फक्त सगळे माना तिरप्या करून बघू लागले.

नीलेश भिंतीशी ताठ उभा होता. शिस्तीतला माणूस; रांगेत उभं राहायची सवय. पण सव्वा वाजता, अडतीस टक्क्यांवर कॉपीची हिरवी पट्टी खिळली तेव्हा तो बोजा उचलून परत खाली ठेवताना गोपीचंदभाऊंना दिसला. पोरगं जायची तयारी करून राहिलं होतं. अर्धं लग्न घेऊन, किंवा तेही न घेता. बहिणीच्या लग्नात कॅमेऱ्याला दिसलं ते भावाला दिसलं नाही, आणि आता तेही त्यांच्याच टेबलावर अडकलं होतं.

प्रवासात फोन बंद पडू नये म्हणून नीलेशनं तो लॅपटॉपवर जरा चार्जिंगला लावू का विचारलं. हब भरलेला. त्याचं बोट आपसूक कडेच्या चिकटपट्टीवर गेलं.

"ते नोको," गोपीचंदभाऊ चटकन म्हणाले. "ते निळं हाये. फास्टवालं. चांगलं हाये ते."

नीलेशनं त्यांच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती त्या बघण्यात, खरंच समजून घ्यायचं होतं.

"चांगलं हाये, त लावत काऊन नाही?"

गुड्डूनं कप खाली ठेवला. तेवढ्यात कप न्यायला चंद्रकांताबाई आतून आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"सांगा ना जी," त्या म्हणाल्या. "मी बावीस वर्षांपासून हेच पुसून राहिली. माझी बशी, माझी पैठणी, माझा मिक्सर."

गोपीचंदभाऊंना चार वर्षांची गिऱ्हाइकं एका रांगेत दिसली, हातात चहाचे कप घेऊन सिमेंटचा सिद्धांत ऐकत बसलेली. पण चूक कळणं निराळं आणि हात उचलणं निराळं. अडतीस टक्के झालेलं होतं. ते सोडून पहिल्यापासून लावायचं, आणि निळंही हळू निघालं तर? मग हातात अडतीसही नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी मिळालेलं काही सोडलं नव्हतं. नीलेशनं लॅपटॉपला हात लावला नाही. ही जबाबदारी तो कुणाकडून काढून घेणार नव्हता. घड्याळात दीडला पाच कमी.

गोपीचंदभाऊंनी कॉपी रद्द केली. पडद्यावरची हिरवी पट्टी नाहीशी झाली. मग त्यांनी नखानं चिकटपट्टी उचकटली. चार वर्षांच्या गर्मीनं ती पार चिवट झाली होती, तिचा डिंक त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसला. हब बाजूला, वायर थेट निळ्यात. परत कॉपी.

एकोणचाळीस मिनिटं बाकी.

गुड्डूनं सवयीनं माऊसकडे हात नेला. चंद्रकांताबाईंनी तो वरच्यावर बाजूला केला.

वेगाचा आकडा पडला नाही. एका सेकंदात जेवढं जात होतं, तेवढ्यासाठी आधी चांगले दहा सेकंद लागत. लोक मॅचच्या शेवटच्या ओव्हरकडे बघतात, तसे सगळे त्या हिरव्या पट्टीकडे बघत होते, आणि गोपीचंदभाऊंच्या चेहऱ्यावर आनंद होता की लाज, हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. दोन वाजून सहा मिनिटांनी सगळं उतरलं.

पण इतक्या लवकर उतरलेल्यावर त्यांचा विश्वास बसेना. डिस्कवरच्या फाइली ते एकेक उघडून तपासू लागले. हळद आली. वरात आली. मामांची पाठ आली. शेवटच्या एका फाइलमध्ये वीस मिनिटं नुसताच मांडव होता. त्या दिवशी गोपीचंदभाऊ जेवायला बसले आणि कॅमेरा टेबलावर चालूच राहिला होता. समोर सतरंजी, कलंडलेली खुर्ची. पतिराम एकटेच सतरंजी झटकतात. प्रिया शालूत मांडी घालून घाईघाईनं वरण-भात खाते, मधेच बापाला ओरडून विचारते, तुम्ही जेवले का. पतिराम हातानंच हो म्हणतात. जेवलेले नसतात, हे दिसतंच.

गोपीचंदभाऊ वरमले. धंद्यातली ही चूक गिऱ्हाइकाला दिसायला नको होती. "हे चुकून झालं गा. काढून टाकतो."

नीलेशनं त्यांचा हात माऊसवरून उचलून टेबलावर ठेवला. हळूच, पण जवानाचा हात.

"हेच पहिले पाहीन," तो म्हणाला.

अडीचची एसटी त्याला मिळाली. सव्वाचारची गाडीही मिळाली. गोंदियाच्या फलाटावरून त्याचा फोन आला, सीट खिडकीजवळची आहे, डिस्क शर्टाच्या आत आहे, काकूंना नमस्कार.

जूनमधल्या पुढच्या लग्नात पंगत बसली तेव्हा गोपीचंदभाऊंनी कॅमेरा टेबलावर ठेवला, नवरीकडे तोंड करून, आणि चालू ठेवून जेवायला गेले. नवरीच्या काकानं हाक मारून सांगितलं की, कॅमेरा उगाच चालू राहिला. गोपीचंदभाऊ भात कालवत म्हणाले, "राहू द्या."