आत काजळ्या नाही

कालिंदी पावणेचारला उठते. गजर लावत नाही. लालबागच्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या समोर आहे. तिचा दिवा लागला की मी कूस बदलतो. मी आता निवृत्त आहे, मला ते परवडतं.

पाचला ती पोळीभाजी केंद्रात हजर असते. केंद्र सीमा परबचं, नाक्याअलीकडच्या गल्लीत. कालिंदी पोळ्या लाटते आणि भाजते. मजुरी पोळीमागे. मी शिवडीच्या गोदामात पोती वाहिली, तिथंही मजुरी पोत्यामागे होती. त्यामुळे नगावर काम करणाऱ्या माणसाकडे मी जरा निरखून बघतो. काही जण नग वाढवतात, काही जण नग सांभाळतात. कालिंदीची दुपारची शेवटची पोळी पहाटेच्या पहिल्या पोळीसारखी असते. तिच्याबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे झालं असतं. पण फळ्याचं सांगायला हवं.

केंद्राच्या दाराशी काळा फळा आहे. त्यावर रोजची भाजी लिहायची. अक्षर चांगलं म्हणून सीमानं ते काम कालिंदीला दिलं. भाजी, आमटी, कोशिंबीर लिहून झाली तरी अर्धा फळा रिकामा राहायचा. कालिंदीला रिकामी जागा बघवत नाही. एके दिवशी तिनं खाली लिहिलं:

‘पुढच्या महिन्यात: भरतीबाई तुरुंगातून सुटणार. समुद्र तिचं ऐकतो. नवरा ऐकत नाही. बघायला हवं.’

सीमानं विचारलं, “कालिंदीताई, ही कोण भरतीबाई? उधारी आहे का तिची?”

“कॉमिकमधली आहे. दुष्ट आहे.”

“मग इथं कशाला?”

“तोंडलीची भाजी आहे आज. लोकांना काहीतरी चांगलं वाचायला नको?”

कॉमिक्सचा नाद तिला गिरगावात लागला. तरुणपणी ती तिथं एका बाइंडिंगच्या कारखान्यात होती. छापलेला मोठा कागद यायचा, त्याला फर्मा म्हणतात. त्यावर पानं उलटसुलट असतात. पहिल्याच्या शेजारी सोळावं. घडी घातली की क्रम लागतो. कालिंदी घड्या घालायची. तिथं परदेशी कॉमिक्सही छापून यायची, म्हणजे तिला गोष्ट दिसायची ती अशी: आधी स्फोट, मग लग्न, मग ज्यानं स्फोट केला तो लहानपणी शाळेत. थांबून वाचायची सोय नव्हती, हात चालू हवा. मग मधलं ती मनात जुळवायची आणि पुस्तक बांधून झालं की ताडून बघायची. कव्हर सगळ्यात शेवटी चढायचं. आणि कव्हरवर जे असेल ते आत असायचंच. नसलं तर गठ्ठा परत.

इंग्रजी तिला कामापुरतं येतं. “दुष्ट लोक मोठ्या अक्षरांत बोलतात,” ती म्हणते, “सोपं जातं.”

दुष्टांवर तिचा जीव. मी एकदा कारण विचारलं, तर लाटणं न थांबवता म्हणाली, “दुष्ट पहाटे उठतो. यंत्र जुळवतो, माणसं जमवतो, जागा बघतो. तो हवेत उडणारा शेवटच्या चार पानांत येतो नि एक गुद्दा मारतो. कष्ट कोणाचे सांगा.”

“पण काम वाईट ना?”

“वाईटच. मार खायलाच हवा. पण कष्ट कोणाचे ते सांगा.”

 

आता पुस्तकं येण्याच्या दोन-तीन महिने आधीच कंपन्या कव्हरचं चित्र आणि चार ओळी जाहीर करतात. विमा कंपनीत काम करणारा विहंग रोज डबा न्यायला येतो, तो ते सगळं तिला मोबाइलवर दाखवतो. चित्र आणि चार ओळी म्हणजे तिला फर्म्याहून जास्त. त्यावरून ती फळ्यावरचा मजकूर करते. कोण येणार, त्याच्यापुढं काम काय, आणि आपण का वाचायचं. शेवट कधी सांगत नाही. नावं ती स्वतःची ठेवते, कारण मूळ नावं लांबलचक. लोखंडाला हात लावला की गंज चढवणारा तो गंज्या. बॉयलरच्या धुरातून उठलेला, अंगाची काजळी करून फटीतून शिरणारा, तो काजळ्या.

काजळ्या आमच्या गल्लीचा लाडका. सात वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात तो चिमणीतून वर गेला आणि परत आलाच नाही. कालिंदीनं ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की पुस्तक न वाचलेल्यांनाही हळहळ वाटायची. धोंडूकाका त्यातले पहिले. परळच्या एका गिरणीत त्यांनी बॉयलर सांभाळला होता. “ह्यो माझ्या खात्यातलो माणूस,” असं ते म्हणत.

एप्रिलमध्ये विहंगनं बातमी आणली. दोन कंपन्यांचे दुष्ट एकाच पुस्तकात. कव्हरवर सगळे ओळीनं उभे. मागं धूर, आणि धुरात काजळ्या. कालिंदीनं पोळी तव्यावर टाकली ती विहंगनंच उलटली, एवढं तिचं लक्ष चित्रात.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर:

‘आज: मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर.
जुलैत: दुष्टांचा मेळा. सज्जन सगळे रजेवर. शहर आठवडाभर दुष्टांच्या ताब्यात. आता पाणी सोडणं, कचरा उचलणं, दिवे लावणं त्यांनाच करायचं आहे. गंज्याकडे पाइपलाइन. देव पाणी पाजो. काजळ्या परत येतोय.’

गल्लीत दुसरा विषय राहिला नाही. काजळ्याला कुठलं खातं मिळेल यावर डब्याच्या रांगेत वाद. कचरा, असं नर्स कादंबरीचं मत. “काय बोलतंस! वीज. तेचो आख्खो जल्म बॉयलरात गेलो,” धोंडूकाका म्हणाले. आणि त्यांनी बहात्तराव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं कॉमिक मागवलं. त्यांचं बघून बाकीच्यांनी. सगळी मागणी विहंगनं दादरच्या दुकानात नोंदवली. दुकान हितेंद्र शहांचं.

त्या दुकानात काचेमागे एक ग्रंथ होता. काजळ्याच्या सगळ्या गोष्टी एकत्र, जाड पुठ्ठा, फर्मे दोऱ्यानं शिवलेले. कालिंदी महिन्यातून एकदा जायची, हितेंद्रभाई काच उघडायचे, ती ग्रंथ मधोमध उघडून टेबलावर ठेवायची. पानं सपाट पडायची.

“अशी शिलाई आता कोण करतं,” ती म्हणायची.

“घेऊन जा ना, बेन. पैसे सावकाश द्या.”

“पैसे झाले की घेते.”

त्यासाठी ती वर्षभर मजुरीतून बाजूला काढत होती. दिवाळीचे चकलीचे जादा तास त्याच्यातच गेले. हितेंद्रभाईंकडे ती एकच प्रत होती. जुलैत दोन्ही एकदम आणायचं तिनं ठरवलं होतं. मेळाही आणि ग्रंथही.

इथं फळ्याचा नियम सांगायला हवा. फळ्यावर आहे ते भांड्यात असलंच पाहिजे. एकदा फळ्यावर थालीपीठ होतं आणि मी उशिरा पोचलो. भाजणी संपली होती. सीमा म्हणाली, “काका, उद्या या.” कालिंदीनं मला बसवलं, घरी जाऊन स्वतःची भाजणी आणली आणि थापून दिलं. मी म्हटलं, कशाला एवढं? तर म्हणाली, “पुसायला विसरले ना मी. मग लावायलाच हवं.” लोण्यासकट लावलं.

जुलैत शनिवारी गठ्ठा आला. विहंगनं केंद्रातच वाटप केलं. मालवाहू बोटीवर माल उतरताना असते तशी गडबड.  मग सगळे वाचायला लागले. पोळ्या नेहमीच्या वेगानं चालू होत्या. कालिंदीची प्रत तिच्या पिशवीत, दुपारी वाचायची म्हणून. काम चालू असताना ती वाचत नाही, ती गिरगावची सवय.

पहिले धोंडूकाका उठले.

“काय गो कालिंदी, तुझो काजळ्यो खय आसा?”

“असेल, काका. शेवटी येईल. त्याची पद्धत आहे ती.”

“शेवट झालो. मिया चष्मो पुसून दोनदा बघलंय.”

कालिंदीनं गॅस बंद केला. चालू कामात तिनं गॅस बंद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. हात धुतले, पुसले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेली. मग कव्हर बघितलं. कव्हरवर काजळ्या होता. आत नव्हता.

विहंगचा चेहरा पडला. “मावशी, एका पुस्तकाची चार-पाच कव्हरं काढतात. वेगवेगळे चित्रकार. आतल्या गोष्टीशी त्याचा संबंध असतोच असं नाही. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मी आपलं त्यातलं छान दिसलं ते दाखवलं, आणि तेच मागवलं.”

“आत नाही ते बाहेर कशाला छापायचं?”

“विकायला.”

“मग मीही उद्यापासून फळ्यावर सुरमई लिहिते. गर्दी होईल.”

सीमा मध्ये पडली. “जाऊ दे गं ताई. चूक छापणाऱ्याची. तू काय अमेरिकेत बसतेस?”

“फळ्यावर अक्षर अमेरिकेचं नाहीये.”

तिनं खडू घेतला. सगळ्यात वर, जिथं भाजीचं नाव असतं तिथं लिहिलं: ‘काजळ्या आला नाही. चूक माझी. पुस्तक परत आणा, पैसे न्या. कालिंदी.’ मग गॅस पेटवला आणि राहिलेल्या पोळ्या पुऱ्या केल्या. त्याही पहिल्यासारख्याच होत्या. मी खाल्ल्या म्हणून सांगतो.

हा निर्णय मला पटला नाही. संध्याकाळी चाळीत मी तिला तसं बोललो. “अंदाज म्हटल्यावर चुकतो. आमच्या गोदामात मुकादम रोज चुकायचा.”

“अंदाज असता तर ‘बहुतेक’ लिहिलं असतं. मी ‘परत येतोय’ लिहिलं.”

“आणि तुझा तो ग्रंथ? त्याचेच पैसे वाटणार ना?”

ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकला. “ग्रंथाला पाय नाहीत.”

पाय नव्हते, पण गिऱ्हाईक होतं. माटुंग्याचा कोणी तरुण तो घ्यायला तयार होता. सोमवारी हितेंद्रभाईंचा फोन आला. “बेन, तुमच्यासाठी ठेवू की देऊ?” कालिंदी पिठाच्या हातानं उभी, फोन विहंगनं तिच्या कानाला धरलेला. तव्यावरची पोळी फुगली. तिनं ती उलटली, मग म्हणाली, “द्या. पण त्याला सांगा, उघडताना आधी मधून उघड. कडेनं उघडलं तर शिलाई ताणते.”

पुस्तकं परत यायला लागली. एकावर आमटीचा डाग होता, तिनं तेही घेतलं. कादंबरी मात्र भांडली.

“मी नाही देणार परत. भरतीबाईनं पाणीखातं काय चालवलंय! आमच्या वॉर्डात तिला पाठवा.”

“अगं, तू काजळ्यासाठी घेतलंस ना?”

“घेतलं त्याच्यासाठी. आवडली ती. तुझं काय जातं?”

आणखी दोघातिघांनी तेच केलं. गंज्या रात्रभर पाइप बदलत बसतो, कारण हात लावला की गंजतो आणि हात लावल्याशिवाय बदलता येत नाही, ते प्रकरण लोकांना फार आवडलं होतं. मलाही. राबणं काय असतं ते लिहिणाऱ्याला कळलेलं होतं. पण बाकीच्यांनी पुस्तक परत दिलं आणि पैसे नेले. धोंडूकाकांनी पैसे मोजून घेतले. कालिंदीला त्यांचाच राग आला नाही. “त्यांनी नियम पाळला,” म्हणाली.

रविवारी केंद्र बंद असतं. पुढच्या रविवारी तिनं खाकी कागद आणला, खळ शिजवली, घड्या दाबायची हाडाची पट्टी ट्रंकेतून काढली. गिरगावची. एकेका प्रतीचं चकचकीत कव्हर तिनं खाकी कव्हरानं झाकलं. कोपरे असे दुमडले की मी नख घालून बघितलं तरी सुटेना. वर तिच्या अक्षरात: ‘दुष्टांचा मेळा. आत: गंज्या, भरतीबाई आणि मंडळी. आत काजळ्या नाही.’

सोमवारी केंद्राच्या दारापासून खांबापर्यंत सुतळी बांधली आणि त्यावर ती पुस्तकं टांगली. पोळ्या होईपर्यंत ज्याला उभं राहावं लागतं त्यानं वाचावं. हात धुऊन.

सीमा आधी कुरकुरली. मग तिच्या ध्यानात आलं की ‘किती वेळ, किती वेळ’ असं कोणी ओरडेनासं झालंय. उलट पोळ्या तयार झाल्या की लोक म्हणायला लागले, “थांबा हो, पाइप फुटलाय.” 

धोंडूकाका रोज येतात. पुस्तक परत करून पैसे घेतलेले, त्याची त्यांना बिलकुल लाज नाही. सुतळीवरचं कडेचं पुस्तक त्यांचं. रोज दोन पानं.

“काजळ्यो नाय तर नाय,” काल म्हणाले. “गंज्यो बरो आसा. आमच्यात असतो तर फिटर झालो असतो.”

“काका, बोट ओलं करून पान उलटू नका,” आतून कालिंदी ओरडली.

“बघूक नाय तरी कळता कसा हिका?”

फळ्यावर आज वांग्याचं भरीत आहे. त्याखाली पुढच्या महिन्याचं एक नवीन पुस्तक आहे, आणि शेवटी एक शब्द जो आधी कधी नसायचा: ‘बहुतेक’. भरताला तो लागू नाही. भरीत भांड्यात आहे.

वर्षभराच्या बाजूला काढलेल्या मजुरीतून, चकलीच्या जादा तासांतून, कालिंदीनं शेवटी विकत घेतलं ते हे: एकाच पुस्तकाच्या ओळभर प्रती, खाकी कव्हरात, सुतळीवर.