आमराईतला फिक्कट डाग

नव्वदच्या दशकात मी नकाशांच्या कचेरीत नोकरीला होतो. उपग्रहाच्या चित्रात झाडी लाल रंगात दाखवतात. पान जितकं निरोगी, तितका रंग लालभडक. एकदा बदलापूरचं चित्र हातात आलं. जवळच्या सोनिवली गावात नाल्याकाठी मामाची आमराई होती, तिथे मात्र फिक्कट डाग दिसला.

रविवारी तडक गेलो. झाडं हिरवीगार, कैऱ्यांनी लगडलेली. मामा हसला, "वरून बघणाऱ्याला काय डोंबल कळतंय? घे, खा." मी कैरी घेऊन खाल्ली.

दोन वर्षांत सगळी झाडं उभ्या उभ्या वाळली. नाल्यात कारखान्याचं पाणी येतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

तेव्हा अशा एका चित्रासाठी अर्ज करून महिनोन्महिने थांबावं लागे. आता जुनी चित्रंसुद्धा कुणालाही फुकट बघता येतात. परवा मी ती एकेक वर्ष मागे जात उघडत गेलो. डाग लहान होत गेला, पण जाईना. ऐंशीच्या दशकात एका वर्षी आम्ही भावंडं सुट्टीला तिथे गेलो होतो, त्या उन्हाळ्यातही तो होता.

त्या वर्षीचे आंबे फार गोड होते.