छोट्या गाडीचं डावं दार

आयटीआय करून मी मेडशीहून थेट पुण्याकडच्या मोटारींच्या कारखान्यात गेले आणि सात वर्षं एका स्वस्तातल्या छोट्या गाडीला पुढचं डावं दार बसवत राहिले. बस, एवढंच काम. मग ते मॉडेल बंद झालं, आमची लाइन उठली आणि मी घरी परतले.

बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी त्याच मॉडेलची जुनी गाडी घेतली होती. तिचं डावं दार लागेना, म्हणून आम्ही कारंज्याला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. आवारात त्याच मॉडेलच्या पाच-सहा गाड्या उभ्या होत्या.

"हे आमची पोरगी. कारखान्यात हेच दार बसवे," बाबा म्हणाले.

चाचांनी मला नीट पाहून घेतलं. मग बिजागरीखाली बोट लावलं. "पैल्या गाड्यांत इथं एक चकती राहे. मंग तुमी काढली. काहून काढली, बेटी? मले आजलोक समजलं नाही."

"नव्या साच्यात दार बिनचकतीचंच नेमकं बसे," मी म्हटलं. दार धरायचा नवा साचा आला त्या सकाळी साहेबांनी सांगितलं होतं, आजपासून चकती नको. कारखान्याबाहेर हे कुणाच्या लक्षात येईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग चाचा मला एकेका गाडीपाशी घेऊन गेले. ही सुरुवातीची, एकाच आरशाची. हिचं स्टिअरिंग हलकं केलं. हिच्या दारात जाड पट्टी घातली. कारखान्याचं फाटकही न पाहिलेल्या माणसानं गाड्या उघडून-उघडून या मॉडेलच्या गाडीचा जन्मापासूनचा इतिहास वाचला होता. मला मात्र तिचा एकच कोपरा ठाऊक होता.

"रंग देतानी दार कुठं राह्यते?" त्यांनी विचारलं.

"गाडीलेच. रंग झाला का काढतो. ते वेगळ्या पट्ट्यावर जाते, काच-कुलूप बसते, अन् मंग परत त्याच गाडीले येते."

"इतक्या गाड्यांतून त्याच गाडीले?"

"त्याच."

"सुभानअल्ला!" चाचा टायरवरच बसले.

बाबा माझ्याकडे वळले. "हे तू कधी सांगतलं नाही."

"तुमी कधी इचारलं नाही, बाबा."

दार मी उचलून धरलं, चाचांनी बोल्ट आवळले. पहिल्याच झटक्यात लागलं.

हात पुसता पुसता चाचांनी आमच्या लाइनवरून निघालेल्या शेवटच्या गाडीचं विचारलं. मी सांगितलं, हार नाही, भाषण नाही. आम्ही लाइनवरच्या सगळ्यांनी तिच्या दारात, आतल्या पत्र्यावर सह्या केल्या आणि वरून पॅनल दाबून बसवलं.

चाचांनी नुकत्याच लागलेल्या दारावर बोटानं टकटक केलं. मग हळूच म्हणाले, "कुठंतरी दार खोलतानी कोण्या मिस्त्रीच्या हाती लागतीन त्या सह्या."