लाटसाहेबाचा कोट

अंधेरीच्या आमच्या खोलीत एका गोऱ्या साहेबाचा कोट टांगलेला असायचा, आणि माझे वडील त्या कोटाला घाबरायचे.

वडील शिंपी. साहेब पलटणीत कॅप्टन होता तेव्हापासून त्याचे कपडे तेच शिवत. तो मेजर झाला, कर्नल झाला; दर बढतीला छातीवरच्या नव्या फिती वडिलांनीच टाचल्या. पुढे तो लांबच्या प्रांताचा लाटसाहेब झाला, तरी मुंबईत आला की वडिलांनाच बोलावणं. शेवटी पोट सुटलं म्हणून त्याने कोट सैल करायला दिला. वडिलांनी दोन्ही बाजू उसवून कच्चे टाके घातले. ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिवण घालायची नाही, हा त्यांचा नियम. ट्रायलआधीच इंग्रजांचं राज्य गेलं आणि साहेब बोटीत बसला.

त्याला आठ वर्षं झाली, तरी जिन्यात बूट वाजले की वडिलांचा पाय मशीनवर थिजायचा. काम अर्धवट, वर कोट घरात. चोर म्हणून धरतील!

"अहो, राज्य गेलं ना त्यांचं? फेका तो कोट!" आई ओरडायची. मलाही संताप यायचा.

एका दुपारी पेपरात साहेब वारल्याची बातमी आली. मी हसतच वडिलांना वाचून दाखवली. "सुटलात हो बाबा!"

वडील पांढरेफटक पडले.

"बोटीने आला असता तर आधी कळलं तरी असतं गं. आता मेलेला माणूस कधीही, कुठूनही येईल," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी दाराला कडी घातली. मग ते पक्की शिवण घालायला बसले.